नंबर कुणाला दिलास?

आई-बाबांनो, मागच्या उन्हाळ्यात मी लेकीला एका शिबिरात घातलं. फॉर्म भरताना घाई होती. मोबाईल नंबराच्या रकान्यात तिचाच नंबर लिहिला आणि मोकळी झाले. संध्याकाळी शिबिराचा ग्रुप झाला. त्यात दीडशेच्या वर माणसं होती, मुलं, पालक, शिक्षक, स्वयंसेवक. तिसऱ्या रात्री साडेदहाला तिच्या फोनवर अनोळखी नंबरावरून 'हाय' आलं. मग तिच्या डीपीबद्दल काहीबाही. तिनं ब्लॉक केलं, तर दुसऱ्या नंबरावरून सुरू झालं. चार दिवस पोरगी गप्प होती. मला कळलं तेव्हा पहिला प्रश्न माझ्या तोंडून निघाला तो हाच, "नंबर कुणाला दिलास?"

ती म्हणाली, "मी नाही दिला, आई. तू दिलास."

खरं होतं ते. व्हॉट्सॲपच्या साध्या ग्रुपमध्ये सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात. आपण मुलांना सांगतो, अनोळखी माणसाला नंबर देऊ नकोस. आणि क्लास, शिबिर, स्पर्धा, स्नेहसंमेलन असं निमित्त मिळालं की आपणच तो वाटत सुटतो.

नंबर गेला तर काय एवढं, असं मलाही वाटायचं. चार फोन येतील, उचलायचे नाहीत. पण आता नंबर फक्त फोन करण्यापुरता राहिलेला नाही. त्यावर यूपीआय असेल तर पैसे पाठवण्याच्या ॲपमध्ये दहा आकडे टाकले की खातेदाराचं पूर्ण नाव समोर येतं. एक पैसाही पाठवावा लागत नाही. आपल्याकडे अठरा वर्षांखालच्या मुलाच्या नावावर सिम मिळत नाही, म्हणून ते सिम आईच्या नाहीतर बाबांच्या नावावर असतं. पुष्कळ घरांत बँकेलाही तोच नंबर जोडलेला असतो. मग मुलीच्या नंबरावरून बापाचं नाव कळतं, नावावरून आडनाव, आडनावावरून गाव, फेसबुकवरून घरचे फोटो. इन्स्टाग्राम किंवा स्नॅपचॅटला तोच नंबर जोडलेला असला, की ज्याच्या फोनमध्ये तो सेव्ह आहे त्याला तिचं खातं आपसूक सुचवलं जाऊ शकतं. मुलीनं तिथं टोपणनाव घेतलेलं असतं, पण नंबर ते टोपणनाव उघडं पाडतो.

हे नीट समजून घ्या, कारण इथं मुलाची चूक असायलाच हवी असं नाही. मेसेजिंग ॲप आपल्या फोनमधली नंबरांची यादी वाचतं आणि त्यातले कोण कोण आपल्याकडे आहेत ते दाखवतं. सोयीची गोष्ट आहे. पण एखाद्यानं खऱ्या ओळखीच्या यादीऐवजी लाखो नंबर ओळीनं टाकले तर? फेसबुकच्या याच सोयीतून लोकांनी माहिती ओरबाडली. 2021 साली 106 देशांतल्या 53 कोटींहून अधिक लोकांची नावं आणि नंबर इंटरनेटवर फुकट पडले होते. पुढच्या वर्षी आयर्लंडच्या नियामकानं त्याबद्दल फेसबुकच्या मेटा कंपनीला 26.5 कोटी युरो दंड केला. दंड भरला गेला तरी ते नंबर परत येत नाहीत. 2025 मध्ये व्हिएन्नाच्या संशोधकांनी याच वाटेनं व्हॉट्सॲपची 350 कोटी खाती मोजून दाखवली. त्यांतल्या निम्म्याहून अधिक खात्यांचा फोटो कुणालाही दिसत होता. कंपनीनं नंतर ती वाट अडवली. मेसेज कुणी वाचले नव्हते, ते कुलूपबंदच असतात. पण या नंबराचा माणूस इथं आहे आणि तो असा दिसतो, एवढं कळणंही लहान मुलाच्या बाबतीत पुष्कळ झालं.

2019 मध्ये हाँगकाँगच्या सरकारविरोधी आंदोलकांना हाच धसका बसला होता. टेलिग्रामवर ते नाव लपवून बोलत होते आणि नंबरावरून आपली ओळख पटेल हे त्यांच्या ध्यानात आलं. तेव्हा टेलिग्रामनं 'नंबरावरून मला कुणी शोधावं' ही सेटिंग कडक करायची सोय दिली. सिग्नल या मेसेजिंग ॲपनं फेब्रुवारी 2024 मध्ये यूजरनेम आणलं. खातं उघडायला नंबर लागतोच, पण समोरच्याला तो द्यावा लागत नाही. मुलांना ऑनलाइन खेळातल्या किंवा कुठल्या छंदातल्या मित्रांशी बोलायचं असेल, तर निदान असं यूजरनेमवर बोलू द्या. नकोसं झालेलं यूजरनेम बदलता येतं. नंबर बदलायचा म्हणजे बँक, शाळा, गॅस, आधार, सगळीकडे फेऱ्या.

आणि बदललाच, तर जुना नंबर तसाच टाकून देऊ नका. आपल्या देशात बंद झालेला नंबर किमान 90 दिवसांनी दुसऱ्या कुणाला तरी मिळतो. मूल कॉलेजसाठी दुसऱ्या गावी गेलं, नवं सिम घेतलं, जुनं ड्रॉवरमध्ये पडलं, असं घराघरांत होतं. त्या सिमवर खाती तशीच राहिली, तर त्यांचे ओटीपी उद्या परक्या माणसाच्या फोनवर जातील. आधी व्हॉट्सॲपमध्ये 'चेंज नंबर' करा, बाकीची खाती सोडवा, मगच सिम बंद करा. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिनही आजच घाला, आजी-आजोबांच्या फोनवरसुद्धा. नुसता ओटीपी हाती लागून मग खातं लगेच पळवता येत नाही.

त्या रात्री मी लेकीचा फोन काढून घेणार होते. घेतला नाही, याचं आज समाधान आहे. घेतला असता तर पुढच्या वेळी तिनं चार दिवस नाही, चार महिने लपवलं असतं. आम्ही दोघी शेजारी बसलो. प्रोफाइल फोटो, लास्ट सीन, ग्रुपमध्ये कुणी घ्यावं, सगळं एकेक करून 'माय कॉन्टॅक्ट्स'वर आणलं. ते आटोपल्यावर ती म्हणाली, "आता तुझा फोन दे."

माझ्या डीपीत तीच होती. शाळेच्या गणवेशात, खिशावरचं शाळेचं नाव स्पष्ट वाचता येईल असा फोटो, आणि तो 'एव्हरीवन'वर. मी दोन वर्षं तो कौतुकानं ठेवला होता. तिनं काही न बोलता तो बदलला.

यंदाच्या फॉर्मवर मी माझा नंबर लिहिला. मुलांना ग्रुपमध्ये न घेता कम्युनिटी करून फक्त सूचना पाठवता येतील का, तिथं इतरांना नंबर दिसत नाहीत, असं शिबिराच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "असं करता येतं हे मला माहीतच नव्हतं. दाखवा ना."