पळणं म्हणजे उधारीची विक्री, विश्रांती म्हणजे वसुली



या आठवड्याच्या व्हिडिओत मी माझ्या पळण्याबद्दल दोनच मिनिटं बोललो होतो. आज जरा सविस्तर लिहितो. धंदा सुरू केल्यावर तब्येतीसाठी पळायला लागलेले आपल्यात बरेच जण आहेत, आणि धंद्यात करतो तीच चूक आपण रस्त्यावरही करतो. मीही केली.

माझं साताऱ्यात हार्डवेअरचं दुकान आहे. सकाळी साडेनऊला शटर वर, रात्री नऊला खाली. दुकान सुरू झाल्यावर दोन वर्षांत वजन नऊ किलोने वाढलं, म्हणून पळायला लागलो. आधी दोन किलोमीटर, मग पाच, मग दहा. मजा यायला लागली. मग ठरवलं, आपल्या गावची सातारा हिल हाफ मॅरेथॉन पळायचीच. यवतेश्वरचा घाट चढायचा आणि उतरून परत यायचं, एकूण २१ किलोमीटर.

इथपर्यंत सगळं छान होतं. पुढे माझ्यातला दुकानदार जागा झाला.

चूक कुठे झाली?

मी पळण्याचं टार्गेट लावलं. आठवड्याला २५ किलोमीटर पळत होतो, ते तीन आठवड्यांत ४५ वर नेलं. रविवारी पहाटे लांब पळायचो आणि नंतर दिवसभर काउंटरमागे उभा. सोमवारी दुकान बंद, म्हणून "आज वेळ आहे" म्हणत पुन्हा दहा किलोमीटर. घड्याळात वेग कमी दिसला की दिवस खराब.

शरीर सांगत होतं. झोप तुटक, भूक कमी, सकाळी उठल्या उठल्या नाडी नेहमीपेक्षा जलद. गिऱ्हाइकावर चिडायला लागलो. एकदा बायको म्हणाली, "अहो, आधी तुम्ही पळून आलात की हसत यायचात. आता भांडून आल्यासारखे येता." मी ते कानाआड केलं.

स्पर्धेला पाच आठवडे असताना नडगी दुखायला लागली. अख्खा पाय नव्हे, एका बोटाने दाखवता येईल एवढीच जागा. दोन दिवस तसाच पळालो. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हाडावर ताण आलाय, सहा आठवडे पळणं बंद. भरलेली फी गेली, त्या वर्षीची स्पर्धा गेली. लंगडत शिडीवर चढून पाइप काढायला लागलो, तेव्हा कळलं की यात दुकानही पणाला लागलं होतं. माझं दुकान माझ्या दोन पायांवर चालतं. तुमचंही तसंच असेल.

वसुली झाली तरच नफा

आता मुद्द्याचं. पळताना आपण ताकदवान होत नाही. पळताना स्नायू थकतात, त्यांना बारीक इजा होते, साठवलेली साखर संपते. शरीर हे सगळं भरून काढतं आणि थोडं जास्तीचं बांधून ठेवतं, ते नंतर, जेवणात आणि झोपेत.

उधारीवर माल देतो तसंच हे आहे. विक्री झाली, बिल फाडलं, पण पैसे हातात आले का? नाही. वसुली न करता उधारी वाढवत नेली, तर कागदावर विक्री मोठी आणि गल्ला रिकामा. माझे ४५ किलोमीटर ही अशीच कागदावरची विक्री होती.

आणखी एक गोष्ट. दम लवकर वाढतो, पण हाडं आणि स्नायूबंध हळू तयार होतात. त्यामुळे छाती म्हणते "अजून पळ" आणि नडगी म्हणते "थांब". विक्री वाढली, पण गोडाऊन आणि माणसं तेवढीच राहिली, की जे होतं तेच.

अमेरिकेत ओरेगन विद्यापीठात बिल बॉवरमन नावाचे प्रशिक्षक होते. ते खेळाडूंना एक दिवस कठीण सराव द्यायचे आणि पुढचा दिवस सोपा ठेवायचे. याच बॉवरमन यांनी १९६४ मध्ये आपला जुना खेळाडू फिल नाइट याच्याबरोबर जी कंपनी काढली, ती पुढे नाइकी झाली. निवडक, दमदार खेळाडूंनाही जो माणूस सोपा दिवस द्यायचा, त्याचं आपण ऐकायला हरकत नाही.

माझा आताचा आठवडा

सोमवार: दुकान बंद. सकाळी १२ किलोमीटर, दुपारी झोप.
मंगळवार: सुट्टी.
बुधवार: ५ किलोमीटर, अगदी सावकाश.
गुरुवार: सुट्टी.
शुक्रवार: ६ किलोमीटर, त्यात थोडे जोराचे तुकडे.
शनिवार: सुट्टी.
रविवार: मित्रांबरोबर ४ किलोमीटर, घड्याळ घरी, नंतर पोहे आणि चहा.

एकूण २७ किलोमीटर. लांबचं पळणं मी मुद्दाम सोमवारी आणलं, कारण दहा-अकरा तास काउंटरला उभं राहणं ही विश्रांती नाही. दुकानदाराने हा हिशोब आधी धरावा. पोती उचलली, माल उतरवला, तर तोही सरावच समजा.

अंतर वाढवायचं तर आठवड्याला साधारण १० टक्क्यांच्या आत. हा ठोकताळा आहे, कायदा नाही. दर चौथ्या आठवड्याला अंतर कमी करतो. सावकाश म्हणजे किती? पळता पळता शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. बोलताना धाप लागली, तर वेग कमी करा.

मजा हिशोबात धरा

रविवारचे चार किलोमीटर कागदावर काहीच नाहीत. पण ते काढले तर बाकीचे २३ मी फार दिवस पळणार नाही. मी यातून पैसे कमवत नाही, मला कुठलं पदक मिळणार नाही. मग मजाच गेली तर पहाटे पाचला उठायचं कशासाठी? पावसाळ्यात कासच्या रस्त्याला धुकं असतं, तेव्हा मी आता थांबून बघतो. पूर्वी थांबलं की सरासरी बिघडायची!

पुढच्या वर्षी मी ती स्पर्धा पळालो. मनात २ तास १० मिनिटं होती, लागली २ तास २४ मिनिटं. उतारावर पाय शाबूत होते. दुपारी चारला दुकान उघडलं आणि शिडीवरही चढलो.

गृहपाठ

एक साधी वही घ्या, चार आठवडे रोज तीन गोष्टी लिहा:

१. किती पळालो आणि दुकानात किती तास उभा होतो.
२. किती झोपलो.
३. मजा आली का? फक्त हो किंवा नाही.

तिसऱ्या रकान्यात सलग तीन वेळा "नाही" आलं, तर दोन दिवस सुट्टी घ्या. एका ठिकाणी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल, तर वही बाजूला ठेवा आणि सरळ डॉक्टरकडे जा. माझ्यासारखे दोन दिवस वाट बघू नका.

पुढच्या व्हिडिओत दुकानाच्या खऱ्या उधारीची वही कशी ठेवायची ते बघू. तोपर्यंत सावकाश पळा!