हॅडॉक आणि बोंबील

वर्गात एखाद्याच्या डब्यातून सुक्या बोंबलाची चटणी निघाली की शेजारचा बाक हळूहळू मोकळा होऊ लागतो, हे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. नाक मुरडणाऱ्या विद्यार्थ्यांस आम्ही आज हॅडॉक नावाच्या माशाची ओळख करून देणार आहोत.

हॅडॉक हा उत्तर अटलांटिक महासागरातील मासा असून कॉड माशाच्या कुळातील आहे. लिनियसने १७५८ साली त्यास शास्त्रीय नाव दिले. पाठीवर तीन पर, दोन्ही कुशींवर एक काळी रेघ आणि खांद्याजवळ एक काळा डाग, एवढ्यावरून तो ओळखता येतो. समुद्राच्या तळाशी राहून तो किडे, शिंपले इत्यादी खातो. मादी एका हंगामात लाखो अंडी घालते. खांद्यावरील डाग हा पेत्राच्या अंगठ्याचा ठसा होय, अशी युरोपात एक समजूत आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १७व्या अध्यायात ज्या माशाच्या तोंडी नाणे सापडले तो हाच, असे लोक सांगत. परंतु गालीलचा समुद्र म्हणजे गोड्या पाण्याचे सरोवर आणि हॅडॉक खाऱ्या पाण्यातला, तेव्हा ही कथा टिकत नाही. शुभवर्तमानास अशा टेकूची गरजही नाही.

कॉडला मीठ चांगले मानवते, हॅडॉकला तितकेसे मानवत नाही. म्हणून स्कॉटलंडातील कोळ्यांनी त्यास धूर देण्याची युक्ती काढली. अ‍ॅबर्डीनजवळील फिंडन गावचा धुरावलेला हॅडॉक प्रसिद्ध आहे. आर्ब्रोथ येथे दोन दोन मासे शेपटीशी बांधून लाकडाच्या धुरावर टांगतात. या मालाच्या नावास २००४ साली युरोपीय संघाने कायद्याचे संरक्षण दिले. इंग्रज लोक हिंदुस्थानातून खिचडी घेऊन गेले, तीत हाच मासा व उकडलेली अंडी मिसळून ते 'केजरी' या नावाने न्याहारीस खाऊ लागले. डाळ मात्र वाटेतच कोठे गळाली!

आता आपला बोंबील पाहा. ताज्या बोंबलात शंभरांतील ८५हून अधिक भाग पाणीच असते. तो लवकर नासतो. म्हणून वसई, वर्सोवा, सातपाटी येथील कोळी दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून बांबूच्या चौकटीवरील दोरीवर उन्हात वाळवितात. तेथे शेपटी, येथे जबडा. तेथे धूर, येथे ऊन. जोडी मात्र दोन्हीकडे आहेच. पाणी उडाले की उरतो तो बहुतेक मांसवर्धक भाग, तोही गरिबास परवडेल अशा दरात. बर्फाच्या पेट्या येण्यापूर्वी कुंभार्ली घाट चढून चिपळुणाकडून कराडास समुद्राची जी मासळी येई, ती अशी वाळूनच. सातारा-सांगलीकडील आठवड्याच्या बाजारांत सुकट-बोंबलाची पाटी अद्यापि दिसते.

वासाविषयी म्हणाल, तर डोके व शेपटी काढून, तुकडे तव्यावर भाजून, मग कढत पाण्यात घटकाभर ठेवावे. वास पुष्कळ उतरतो. नंतर लसूण व लाल मिरचीबरोबर ठेचून ज्वारीच्या गरम भाकरीशी खावे.