बिऱ्हाड हलवायचंय? आधी कागद हलवा

राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. सेवाग्रामहून बिऱ्हाड हलवून शेजारच्या राज्यात जाताना काय काय झालं, ती कहाणी मात्र इथे लिहिणार नाही. लिहिली तर ती माझ्या भोळेपणाची आणि एका वाहतूकवाल्याच्या लबाडीची होईल, आणि वाचणारा हळहळून म्हणेल, 'बाईंचं नशीबच वाईट.' नशिबाचा इथे काही संबंध नाही. हे कोणाच्याही वाट्याला येईल असंच आहे, कारण आपण सगळे एकाच चुकीच्या क्रमाने कामाला लागतो. आधी तारीख धरतो, मग गाडी ठरवतो, मग बांधाबांध करतो आणि कागदपत्रांचं 'तिकडे गेल्यावर बघू' म्हणतो. राज्याची सीमा ओलांडणाऱ्या घराने हा क्रम उलटा करावा, एवढंच मला सांगायचं आहे. सामान दोन दिवसांत पोचतं. पत्ता पोचायला वर्ष लागतं. आणि ज्याचा पत्ता पोचलेला नाही तो घाईत असतो, ही गोष्ट समोरच्या प्रत्येकाला बरोबर कळते.

सेवाग्राम हे गावच मुळी एका स्थलांतरातून उभं राहिलं आहे. 12 मार्च 1930 ला दांडीकडे निघालेले गांधीजी स्वराज्य मिळेपर्यंत साबरमतीला परतायचं नाही असं ठरवून बाहेर पडले. 1933 मध्ये तो आश्रम त्यांनी विसर्जित केला, जमनालाल बजाजांच्या आग्रहावरून ते वर्ध्याला आले, मगनवाडीत राहिले आणि 30 एप्रिल 1936 ला शेगाव नावाच्या खेड्यात गेले. मुंबई इलाख्यातून निघालेला माणूस मध्य प्रांतात स्थिरावला. त्यांच्याजवळ सामान ते किती असणार! तरी पत्त्याने छळलंच. बुलढाण्याकडे गजानन महाराजांचं शेगाव आधीच प्रसिद्ध होतं, टपाल तिकडे जायचं, आणि शेवटी 1940 मध्ये गावाचं नाव सेवाग्राम करावं लागलं. म्हणजे पत्ता मार्गी लागायला चार वर्षं, तीही गांधीजींना. आपल्यासाठी कोणी गावाचं नाव बदलणार नाही. दुसरा दाखला 1 नोव्हेंबर 1956 चा. त्या दिवशी अख्खा वर्धा जिल्हा जागचा तसूभरही न हलता मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला. तेव्हा माणसं जागेवर राहिली आणि कागद सरकारने हलवले. आपण हलतो तेव्हा कागद हलवण्याचं काम आपलं असतं, आणि ते कोणी आठवण करून देत नाही.

फसगत होते ती अंतरामुळे. हिंगणघाट, पांढरकवडा करत हैदराबादच्या रस्त्याला लागलं आणि पैनगंगा ओलांडली की तेलंगणाचं आदिलाबाद. पलीकडेही काळी माती, पलीकडेही कापूस, उन्हाळाही तसाच, आणि बाजारात मराठी कानावर पडते. वाटतं, हे तर तालुका बदलल्यासारखं. पुण्याला जाणं त्याहून कितीतरी लांब. पण पुण्याला गेलेल्याला एमएच 32 ची गाडी वर्षानुवर्षं चालवता येते. पैनगंगेपलीकडे गेलेल्याला येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या 47 व्या कलमाप्रमाणे दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त काळ ठेवलेल्या वाहनाला तिथला क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी आधी वर्ध्याच्या आरटीओचं ना-हरकत पत्र हवं. ते नमुना 28 वर, चेसिस क्रमांकाचा पेन्सिलीने उमटवलेला छाप लावून मागायचं. कर्ज असेल तर बँकेची संमती, दंडाच्या पावत्या थकल्या असतील तर त्या आधी भरायच्या. कायदा म्हणतो की तीस दिवसांत नकार कळवला नाही तर ना-हरकत दिल्याचं मानलं जाईल. फार छान. पण 'मानलं जाईल' हे दुसऱ्या राज्यातल्या खिडकीवर काढून दाखवता येत नाही. पैशांचं आणखी निराळं. इथे एकरकमी भरलेला कर आहेच. तिकडे नव्याने कर भरायचा, नवा क्रमांक मिळवायचा, आणि मग इथल्या उरलेल्या वर्षांचा परतावा मागायला पुन्हा वर्ध्याच्या दारात यायचं. म्हणून ना-हरकतीचा अर्ज निघायच्या आधी दोन महिने, गाडी आणि मालक दोघेही वर्ध्यात असताना करावा. 2021 मध्ये आलेल्या बीएच मालिकेचं नाव हमखास कोणीतरी काढतं. ती सरकारी नोकरांना आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या कंपन्यांच्या नोकरदारांना मिळते. दुकान टाकायला निघालेल्याला किंवा निवृत्त मास्तरांना तिचा उपयोग नाही. वाहन परवाना मात्र देशभर चालतो, त्याच्यामागे पहिल्याच महिन्यात धावू नका.

गाडीचं नुकसान पैशात मोजता येतं. मुलांचं येत नाही, आणि नेमकं तेच सगळ्यात शेवटी आठवतं. दहावी इथे झाली, अकरावीला तिकडे घालू, असं आईबाप सहज म्हणून जातात. महाराष्ट्रात वैद्यकीयच्या राज्य कोट्यासाठी अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली असावी लागते. तेलंगणात 'स्थानिक' ठरायचा नियम 1974 च्या राष्ट्रपतींच्या आदेशापासून चालत आला आहे, आणि त्याचा गाभा म्हणजे बारावीपर्यंतची सलग चार वर्षं तिथलं शिक्षण. आता हिशेब करा. दहावी सेवाग्रामला आणि बारावी आदिलाबादला केलेलं मूल इकडे बारावीमुळे बाद होतं आणि तिकडे चार वर्षांमुळे. तेलही गेलं, तूपही गेलं. बदलीच्या सरकारी नोकरांच्या मुलांना काही सवलती असतात, बाकीच्यांनी त्यावर विसंबू नये. 1969 पासून ज्या गावात वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्या गावच्या पालकांना हे सांगावं लागू नये, लागतं. जातीच्या दाखल्याचं याहून कडक आहे. आंध्रातून वडिलांबरोबर मुंबईत आलेल्या एका विद्यार्थ्याने अनुसूचित जमातीची जागा मागितली, ते प्रकरण, मर्री चंद्रशेखर राव विरुद्ध सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज, सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1990 मध्ये निकाल लागला की एका राज्यातला दर्जा दुसऱ्या राज्यात आपोआप लागू होत नाही. 2018 मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तेच कायम केलं. मूळ राज्यातला हक्क जात नाही, पण तो सोबतही येत नाही. म्हणून मुलांचे जातीचे दाखले, जात वैधता आणि अधिवास हे सगळं इथे राहत असतानाच काढून घ्या. वैधतेसाठी लागणारा आजोबांचा शाळेचा जुना दाखला ट्रकमधल्या पेटीत टाकू नका. तो स्वतःच्या पिशवीत, अंगाजवळ.

यावर ठरलेला आक्षेप असा की आता देश एक झाला, सगळं ऑनलाइन झालं, जुन्या काळच्या भीती कशाला घालता. 'एक देश एक रेशनकार्ड' पुढे करतात. योजना चांगलीच आहे, आणि अन्नसुरक्षा कायद्याखालच्या कार्डावर पैनगंगेपलीकडेही धान्य मिळतं, हे मी मान्य करते. पण ती त्या कार्डांपुरतीच आहे. शेतकरी आत्महत्याग्रस्त म्हणून ज्या 14 जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांसाठी राज्याने वेगळी योजना केली, त्यांत वर्धा आहे. ती योजना महाराष्ट्राची, ती नदी ओलांडत नाही. केंद्राचं असेल ते तुमच्याबरोबर येतं आणि राज्याचं असेल ते मागे राहतं, हे ढोबळ सूत्र धरलं तर घरातल्या निम्म्या कागदांचा उलगडा होतो. ऑनलाइन झाला तो अर्ज. अधिकार ज्या त्या राज्याकडेच आहेत. गॅसचं तसं सोपं आहे. सिलिंडर आणि रेग्युलेटर इथल्या वितरकाकडे जमा करून टर्मिनेशन व्हाउचर घ्यायचं, तिकडे नवं कनेक्शन. अनामत परत मिळते ती जुन्या दराने आणि भरावी लागते ती आजच्या दराने, हे मनाला लावून घेऊ नये. मतदार यादीसाठी नमुना 8. भाडेकरार नोंदणी केलेलाच मागा, कारण पुढचे सगळे पत्ते त्याच्यावर उभे राहतात. बाकी भांड्यांना वर्तमानपत्र गुंडाळा वगैरे सल्ला तुम्हाला शेजारीपाजारी देतीलच.

आता वाहतूकवाला. गाडी ठरवताना त्याच्याइतका गोड माणूस जगात नसतो. 'ताई, घर आपलंच समजा.' घर बघायला येत नाही, फोनवरच दर सांगतो, आणि तो इतरांपेक्षा दोन-तीन हजारांनी कमी असतो. सामान गाडीत चढलं, ताडपत्री ओढली, दोर आवळला की आवाज बदलतो. आधीच्या फोनवरची ताई आता 'मॅडम' होते. तेव्हा जिन्याचे पैसे निघतात, पुठ्ठ्यांचे निघतात, 'बॉर्डरचे' निघतात, आणि गाडी कुठल्याशा गोदामाशी थांबते. त्या क्षणी जे उमगतं ते वाहतुकीबद्दलचं नसतंच. आपण इथलं घर सोडलेलं, किल्ली दिलेली, तिकडे शाळा सोमवारी उघडणार, नोकरीवर रुजू व्हायची तारीख ठरलेली. म्हणजे नाही म्हणायची ताकद आपण आपल्याच हाताने संपवलेली असते. तो भाव आपल्या अगतिकतेचा लावतो, सामानाचा नाही. म्हणूनच मी म्हणते की गाडी शेवटी. कागद मार्गी लागले असतील, तारीख चार दिवस पुढेमागे सरकू शकत असेल, तर हाच माणूस नरम असतो.

त्याच्याशी बोलायला कायद्याची थोडी शिदोरी जवळ हवी. रस्ते मालवाहतूक कायदा 2007 चा आहे. नोंदणी नसलेल्याला हा धंदा करता येत नाही, तेव्हा नोंदणी क्रमांक आधी मागा, आणि क्रमांक ऐकून जो हसतो त्याला निरोप द्या. बिल्टी घ्या, तीवर एकूण भाडं आणि सामानाची किंमत लिहून घ्या. किंमत जाहीर करून जादा जोखमीचा दर भरला नसेल तर भरपाई फार तर भाड्याच्या दहापट, मग आत फ्रीज असो की आजीचं पितळी घंगाळ. 'बॉर्डरवर ई-वे बिल लागतं' म्हणून कोणी पैसे मागितले तर ठाम नाही म्हणा. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिलातून सूट आहे. दुचाकी रेल्वेने पाठवणार असाल तर टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, हे पार्सल ऑफिसच्या दारात कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

काही शहाणे म्हणतात, एवढा व्याप कशाला, सगळं विकून टाका आणि तिकडे नवं घ्या. त्यांनी आपलं कपाट कधी विकून बघितलेलं नसतं. शिवाय विकलेल्या सोफ्याबरोबर एमएच 32 ची गाडी, मुलाची दहावी आणि जातीचा दाखला विकला जात नाही, म्हणजे माझ्या मुद्द्याला त्याने धक्काही लागत नाही. दुसरे म्हणतात, झालं गेलं सोडून द्यावं, चार भांडी फुटली म्हणून कोर्टात कोण जातं. इथे मला ऐकायचं नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे तक्रार आपण जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, फसवणाऱ्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत, आणि सल्ल्यासाठी 1915 हा क्रमांक आहे. फक्त त्याआधी वाहतूकवाल्याला नुकसानीची लेखी नोटीस द्यावी लागते, सामान बुक केल्याच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत. बहुतेक लोक खोकी उघडता उघडता ती मुदत घालवून बसतात. माझ्या बिल्टीवरच्या तारखेला अजून 180 दिवस झालेले नाहीत.