शेतकऱ्याचें व्यवहारगणित : प्रौढवर्गासाठीं चार पाठ

चार हजारांच्या भावानें साडेसात क्विंटल सोयाबीनचे किती रुपये होतात, असें बाजारांत कोणीं विचारलें, तर पन्नाशी उलटलेला शेतकरी कागदाची वाट न पाहतां तीस हजार म्हणून सांगतो. सात चोक अठ्ठावीस आणि अर्ध्याचे दोन, झाले तीस. एवढाच त्याचा मनांतील हिशेब. परंतु हातांत पडलेल्या पट्टींत ७.५० च्या जागीं ७.०५ असें लिहिलेलें असलें, तर ती पट्टी पुष्कळदां तशीच घडी होऊन खिशांत जाते. रक्कम कमी दिसली तरी ती हमाली, तोलाई व गाडीभाडें यांत गेली असावी, असें तो समजतो. वास्तविक एका शून्याची जागा चुकल्यामुळें पंचेचाळीस किलोंचे अठराशें रुपये गेलेले असतात.

यावरून त्याला हिशेब येत नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. त्याचा बोलका हिशेब चोख आहे. परंतु तो पाव, पाऊण, सव्वा, दीड या अपूर्णांकांत चालतो, आणि त्याच्या हातीं येणारा प्रत्येक कागद दशांशांत लिहिलेला असतो. या दोहोंमध्यें पूल बांधणें, हेंच प्रौढांच्या गणितवर्गाचें मुख्य काम होय, असें आम्हांस वाटतें.

हें अंतर पडण्याचें कारण मागील इतिहासांत आहे. पूर्वीच्या मराठी शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी हे पाढे तोंडपाठ करून घेत. रुपयाचे सोळा आणे, मणाचे चाळीस शेर, एकराचे चाळीस गुंठे. अशा मापांना ते पाढे सोईचे होते, कारण सोळांचे आणि चाळिसांचे पाव व अर्धे सहज निघतात. पुढें १९५६ सालीं दशमान मापांचा कायदा झाला, १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आणि थोड्याच वर्षांत शेर-मण जाऊन किलो-क्विंटल आले. कागद बदलले, बोलण्याची भाषा मात्र तीच राहिली.

लेखी हिशेब न कळण्याची किंमत दख्खनच्या शेतकऱ्यानें एकदां जबर दिली आहे. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांविरुद्ध उठाव केला, आणि तो पुणें व अहमदनगर या जिल्ह्यांतील अनेक गांवीं पसरला. लोकांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर होता. ते हिसकावून घेऊन जाळण्यांत आले. कर्जबाजारीपणाचीं कारणें अनेक होतीं. तथापि ज्याला कागद वाचतां येत नाहीं, त्याला तो जाळण्यापलीकडे उपाय दिसला नसावा. पुढें १८७९ सालीं शेतकऱ्यांच्या संरक्षणार्थ खास कायदा झाला, आणि रोख्यामागील देण्याघेण्याचा मुळापासून हिशेब पाहण्याचा अधिकार न्यायालयांस मिळाला. जें काम तेव्हां न्यायाधीशांकडे सोंपवावें लागलें, तें शेतकऱ्यानें आपल्या ओसरीवर बसून करावें, हें अधिक चांगलें. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर आयोगास दिलेल्या निवेदनांत प्राथमिक शाळांत मोडी व बाळबोध लिहिण्या-वाचण्याबरोबर हिशेब आणि शेतीचें प्राथमिक ज्ञान शिकवावें, असें सुचविलें होतें, तें याच हेतूनें.

केंद्र सरकारनें २०२२ ते २०२७ या काळासाठीं मंजूर केलेल्या ‘उल्लास’ या साक्षरता कार्यक्रमांत पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठीं अक्षरज्ञानाबरोबर संख्याज्ञानही धरलें आहे. आमचे वाचक साक्षर आहेत. त्यांची गरज त्यापुढील आहे. ती ध्यानांत धरून पुढील चार पाठ मांडले आहेत.

पाठ पहिला : टिंबाचें स्थान

रुपयाचे पैसे शंभर, क्विंटलचे किलो शंभर, हेक्टरचे आर शंभर, मीटरचे सेंटिमीटर शंभर. म्हणून या सर्वांत टिंबानंतर नेहमीं दोन घरें भरावींत, आणि एक आंकडी संख्या असल्यास तिच्यामागें शून्य लिहावें. अठरा क्विंटल चाळीस किलो म्हणजे १८.४०, अठरा क्विंटल चार किलो म्हणजे १८.०४. कांद्याचा भाव क्विंटलला १,६५० रुपये असेल, तर या दोन आंकड्यांत ३६ किलोंचा, म्हणजे ५९४ रुपयांचा फरक आहे.

जुन्या पाढ्यांचा येथें उत्तम उपयोग होतो. पाव म्हणजे ०.२५, अर्धा म्हणजे ०.५०, पाऊण म्हणजे ०.७५, सव्वा म्हणजे १.२५, दीड म्हणजे १.५०, अडीच म्हणजे २.५०, औट म्हणजे ३.५०. वर्गांत हें कोष्टक घोकवूं नये. पाव रुपयाचे पैसे किती, असें विचारावें. पंचवीस हें उत्तर आल्यावर तेंच टिंबानंतर लिहून दाखवावें. एकर-गुंठ्यांस मात्र ही रीत लावूं नये; एकराचे गुंठे चाळीस आहेत, शंभर नव्हेत.

पाठ दुसरा : जमिनीचें क्षेत्र

वरील सूचना न पाळल्यास काय होतें, तें पाहा. सातबारावर क्षेत्र हेक्टर, आर व चौरस मीटर या क्रमानें लिहितात. १.२०.०० म्हणजे १ हेक्टर २० आर. हेक्टरचे एकर सुमारें २.४७ होतात, म्हणून हें क्षेत्र २ एकर साडेअडतीस गुंठ्यांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ तीन एकर आहे. परंतु एकर-गुंठ्यांच्या जुन्या कागदावर १-२० असें असेल, तर तें १ एकर २० गुंठे, म्हणजे अवघें दीड एकर. आंकडे तेच, जमीन दुप्पट. खरेदी, वाटणी किंवा खंड ठरवितांना कोणत्या मापाचा कागद आहे, तें आधीं विचारावें. लक्षांत ठेवण्यास सोपें असें कीं, आर व गुंठा हे जवळजवळ सारखे आहेत. शंभर आरांचे सुमारें ९९ गुंठे होतात.

प्रत्यक्ष मोजणीसाठीं ३३ फुटांची, न ताणणारी दोरी करावी. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जमीन म्हणजे १,०८९ चौरस फूट, आणि तोच एक गुंठा होय. शेत चार दोऱ्या रुंद व पांच दोऱ्या लांब भरलें, तर चार पंचे वीस गुंठे, अर्धा एकर. चौरस फुटांच्या मोठ्या गुणाकाराचें कारणच पडत नाहीं.

शेत वांकडें असल्यास समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार करण्याची चाल आहे. ही रीत कोपरे काटकोनी असतील तरच खरी. कोपरे तिरपे झाले कीं ती खऱ्याहून अधिक क्षेत्र दाखविते. एकरी दरानें नांगरट करून घेणारा येथें अकारण जास्त पैसे देतो. याला उपाय सोपा आहे. शेताचे समोरासमोरचे दोन कोपरे दोरीनें जोडावे, म्हणजे दोन त्रिकोण होतात. उरलेल्या प्रत्येक कोपऱ्यापासून त्या दोरीपर्यंतचें काटकोनांतील अंतर मोजावें. दोरी ६० मीटर, आणि अंतरें २० व ३० मीटर असतील, तर दोन्ही अंतरांची बेरीज ५०, तिला ६० नें गुणून निम्मे करावे : १,५०० चौरस मीटर. एका आरांत १०० चौरस मीटर, म्हणून १५ आर. पंधरा गुंठ्यांस किंचित कमी.

पाठ तिसरा : शेंकडा आणि खताचें पोतें

शेंकडा म्हणजे शंभरांत किती. युरियांत ४६ टक्के नत्र असतें, याचा अर्थ १०० किलो युरियांत ४६ किलो नत्र. डीएपींत १८ टक्के नत्र व ४६ टक्के स्फुरद असतें. समजा, एखाद्या पिकास हेक्टरीं १२० किलो नत्र व ६० किलो स्फुरद द्यावयाचें आहे, आणि आपलें शेत एक एकर आहे. दोन्ही आंकड्यांस २.४७ नें भागलें असतां एकरीं सुमारें ४८.६ किलो नत्र व २४.३ किलो स्फुरद येतें.

प्रथम स्फुरद पाहावें. २४.३ ला १०० नें गुणून ४६ नें भागलें कीं डीएपी सुमारें ५३ किलो येतें. या ५३ किलोंतून साडेनऊ किलो नत्रही शेतांत पडलें. तें वजा करून नत्र उरलें ३९.१ किलो, त्याला युरिया ८५ किलो पुरतो. २०१८ पासून युरियाचें पोतें ४५ किलोंचें आहे. म्हणजे दोन पोत्यांतूनही पांच किलो शिल्लक राहतात. डीएपींतील नत्र हिशेबांत न धरल्यास युरिया सुमारें १०६ किलो लागेल असें वाटतें, आणि तिसरें पोतें फोडलें जातें. त्या वीस-एकवीस किलोंचे पैसे तर जातातच. शिवाय पीक माजून लोळतें आणि रोग-किडीस आमंत्रण मिळतें तें निराळेंच.

पाठ चवथा : व्याज

खाजगी व्याज दरमहा शेंकडा बोलतात, बँकेचें व्याज दरसाल शेंकडा लिहितात. ‘दोन टक्के’ हे शब्द ऐकून बँकेच्या सात-आठ टक्क्यांपेक्षां तें स्वस्त समजूं नये. दरमहा दोन म्हणजे दरसाल चोवीस. पन्नास हजारांवर वर्षाचें सरळ व्याज बारा हजार. तेंच व्याज दरमहा मुद्दलांत मिळविलें, तर वर्षाअखेर शेंकडा सुमारें २६.८ पडतें.

चक्रवाढीनें रक्कम दुप्पट केव्हां होईल, हें काढण्याची एक सोपी युक्ति आहे : ७२ ला व्याजाच्या दरानें भागावें. दरमहा दोन असेल तर ३६ महिने, तीन असेल तर २४ महिने. उत्तर अगदीं काटेकोर नसलें तरी सौदा करावा कीं न करावा, हें ठरविण्यास पुरेसें आहे.

हप्त्यांच्या कर्जांतही एक फसवी जागा असते. लाख रुपये वर्षासाठीं, ‘सरसकट दहा टक्के’, बारा सारखे हप्ते. म्हणजे एकंदर १,१०,००० रुपये, दरमहा सुमारें ९,१६७. परंतु पहिल्या हप्त्यापासूनच मुद्दल फिटूं लागतें. वर्षभर आपल्याकडे सरासरीनें लाख नव्हे, त्याच्या निम्म्याहून थोडीच अधिक रक्कम राहते, आणि व्याज मात्र पुऱ्या लाखावर द्यावें लागतें. खरा दर दरसाल अठरा टक्क्यांच्या जवळ जातो. यास्तव व्याज उरलेल्या मुद्दलावर आहे कीं मूळ रकमेवर, हा प्रश्न सही करण्यापूर्वी विचारावा.

वर्ग कसा चालवावा

सुगी आटोपल्यावर आठवड्यांतून दोन, अशा बारा संध्याकाळी या पाठांस पुरतात. प्रत्येकानें आपली पट्टी, सातबारा, बँकेचें पासबुक व खताचें रिकामें पोतें घेऊन यावें. हींच आमचीं पाठ्यपुस्तकें. प्रौढास फळ्यापाशीं उभें करून परीक्षा घेऊं नये. त्यानें आधीं तोंडीं उत्तर द्यावें, मग तें कागदावर कसें लिहितात तें शिक्षकानें दाखवावें.

या क्रमास आधार आहे. ब्राझील देशांत रेसिफे शहरीं रस्त्यावर माल विकणाऱ्या पांच मुलांचा अभ्यास १९८५ सालीं प्रसिद्ध झाला. विक्री करतांना विचारलेल्या हिशेबांची त्यांचीं शंभरांतील अठ्ठ्याण्णव उत्तरें बरोबर आलीं. तशाच बेरजा-गुणाकार नुसत्या आंकड्यांनीं कागदावर मांडून दिले, तेव्हां बरोबर उत्तरें शेंकडा सदतीसच्या आसपास उतरलीं. बुद्धि तीच होती. ओळखीचा व्यवहार तेवढा दूर झाला होता.

हातांतल्या मोबाईलमध्यें गणकयंत्र असतां इतकी खटपट कशाला, असें कोणी म्हणेल. यंत्र गुणाकार चुकत नाहीं हें खरें. परंतु आपण टिंब चुकीच्या जागीं दिलें, तर तें चुकीचेंच उत्तर तितक्याच तत्परतेनें देतें. म्हणून आधीं मनांत अंदाज बांधावा, मग यंत्र दाबावें, आणि दोहोंत मोठें अंतर दिसल्यास पुन्हां पाहावें. वर्गांत घरांतील स्त्रियांसही आग्रहानें बोलवावें. मजुरीचा व बचतगटाचा हिशेब पुष्कळ घरांत त्याच ठेवतात. दोघांनीं तपासलेल्या कागदावर चूक सहसा टिकत नाहीं.

अभ्यासासाठीं तीन उदाहरणें देतों. उत्तरें पाहण्यापूर्वी वाचकांनीं तीं घरच्या मंडळींसह सोडवावींत.

१. सातबारावर ०.६१.०० क्षेत्र आहे. एकर किती?
२. तूर २७ क्विंटल ८ किलो, भाव क्विंटलला ७,२०० रुपये. रक्कम किती? वजन २७.८० असें लिहिल्यास किती फरक पडेल?
३. दरमहा शेंकडा दीडच्या चक्रवाढ व्याजानें कर्ज सुमारें किती दिवसांत दुप्पट होईल?

उत्तरें : (१) सुमारें दीड एकर. (२) १,९४,९७६ रुपये. फरक ५,१८४ रुपयांचा. (३) ४८ महिने, म्हणजे चार वर्षें.