अंधारात वाढणारी भाजी : चिकोरी



"झाडाच्या वाढीसाठी काय काय लागते?" हा प्रश्न मी दरवर्षी वर्गात विचारते. उत्तर ठरलेलं: माती, पाणी, हवा, सूर्यप्रकाश. एकदा एका मुलीने लिहिलं, "ऊन नसलं तरी झाड वाढतं. आमच्या घरी टोपलीत कांद्याला कोंब आले." मी लाल पेनाने फुली मारली. पुढे चिकोरीची माहिती वाचताना ती फुली आठवली आणि चुकलं कोण, ते कळलं.

चिकोरी आपल्याला माहीत आहे ती कॉफीच्या पाकिटावरून. तिचं मूळ भाजून, दळून कॉफीत मिसळतात. आपल्याकडे गुजरातेत जामनगरच्या बाजूला तिचं पीक घेतात. बेल्जियममध्ये मात्र याच वनस्पतीच्या एका वाणापासून हिवाळ्यात ताजी भाजी काढतात. तिथल्या डच भाषेत तिला 'विटलोफ' म्हणतात, म्हणजे पांढरं पान. 1830 च्या सुमारास ब्रुसेल्सजवळच्या एका शेतकऱ्याने तळघरात मुळं ठेवली आणि त्यांना पांढरे कोंब फुटले, अशी गोष्ट तिथे सांगतात. ती दंतकथा असेल, पण त्यातलं विज्ञान पक्कं आहे.

तिकडे हे काम घरच्या बागेतही करतात. मे-जूनमध्ये बी पेरायचं, रोपं दाट झाली की दोन रोपांत साधारण वीत-दीड वीत अंतर राहील अशी विरळणी करायची. उन्हाळाभर पानं मोकळी वाढू द्यायची. ती तोडायचा मोह आवरावा लागतो, कारण भाजी अजून तयार व्हायचीच असते. ही पानं फक्त मूळ पोसत असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गाजरासारखी मुळं खणून काढायची. पानं कापताना बुडाशी दोन-तीन सेंटिमीटर देठ ठेवायचा. अगदी मुळाला लागून कापलं, तर मधला कोंबच जातो आणि सगळी मेहनत वाया! मुळाची शेपटी छाटून ते वीसेक सेंटिमीटरचं करायचं आणि थंड जागी वाळूत पुरून ठेवायचं.

मग लागतील तशी चार-पाच मुळं काढून ओलसर वाळूच्या किंवा मातीच्या बादलीत उभी लावायची. बादलीला खाली भोक हवं, नाहीतर मुळं कुजतात. वरून दुसरी बादली पालथी घालायची. प्रकाशाची एक फटही नको. जागा 10 ते 18 अंश तापमानाची असली की तीन-चार आठवड्यांत वीतभर लांबीचे, घट्ट मिटलेले, फिकट पिवळ्या टोकांचे गड्डे तयार होतात. सगळी मुळं एकदम न लावता दर पंधरा दिवसांनी थोडी लावली, तर बाहेर बर्फ असतानाही घरात ताजी भाजी मिळत राहते.

आता मुलांना विचारा: अंधारात पान अन्न बनवू शकत नाही, मग हा गड्डा कशावर वाढला? उन्हाळ्यात पानांनी बनवलेलं अन्न मुळात इन्युलिन या पिष्टमय पदार्थाच्या रूपात साठलेलं असतं. अंधारात झाड ती साठवण खर्च करतं. प्रकाश नाही म्हणून हरितद्रव्य बनत नाही, पान पांढरट राहतं आणि कडवटपणाही कमी राहतो. गड्डा उजेडात ठेवला की तो हिरवा आणि कडू होऊ लागतो. नवरात्रात घटाच्या कोपऱ्यात उगवलेलं पिवळसर धान आठवतंय ना? तीच गोष्ट. तिथे साठवण दाण्यातली असते, एवढंच.

चिकोरीचं बी आपल्याकडे सहज मिळणार नाही, आणि कोकणातल्या उकाड्यात तो खटाटोप करूही नका. त्याऐवजी दोन सारखे कांदे घ्या. दोन भांड्यांत ओलसर माती घालून ते अर्धे पुरा. एक भांडं खिडकीत ठेवा, दुसरं पालथ्या डब्याखाली. पाणी बेताचंच घाला. दर तीन दिवसांनी पातीची लांबी आणि रंग मुलांनाच वहीत लिहू द्या. अंधारातलं भांडं बघायचं तर पटकन बघून डबा परत झाकायचा. तीन आठवड्यांनी दोन्ही कांदे दाबून पाहा, मग उभे चिरा. अंधारातला पोकळ आणि मऊ का झाला, ते मुलांनाच सांगू दे. त्यानंतर पिवळी पात उन्हात ठेवून रोज रंग पाहा.

माझ्या वर्गात हा प्रयोग मांडला, तेव्हा डबा उचलायचं काम त्याच मुलीकडे दिलं. प्रश्नही आता बदलला आहे: "झाड अंधारात किती दिवस वाढेल, आणि का थांबेल?"