गेट्सची ती ओळ काढून टाक

चि. ओंकार,


काल ताईचा फोन आला. 'सी मला जमणार नाही' म्हणून तू दार लावून बसलास, जेवलाही नाहीस, आणि शेवटी एफगेट्सऐवजी गेट्स वापरून प्रोग्रॅम चालवलास म्हणे. जेवणाचं नंतर बोलते. आधी गेट्सचं.

अरे, एफगेट्सचं काही चुकलं नव्हतं. इंग्रजीत 'पुणे' लिहिलं की चार अक्षरं होतात. तू एंटर दाबलंस, ॲरेत जागा होती, म्हणून एफगेट्सनं ते एंटरही ठेवून घेतलं. स्ट्रलेन पाच सांगणार आणि स्ट्रकंप 'जुळत नाही' म्हणणारच! स्ट्रिंग चौकटी कंसांत छापून बघ. मिटणारा कंस खालच्या ओळीवर गेलेला दिसेल.

गेट्स एंटर टाकून देतं, म्हणून तुझं भागलं. पण तुझा ॲरे केवढा आहे हे त्याला कळतच नाही. समोरच्यानं जास्त टाइप केलं की शेजारची मेमरी बिघडली. १९८८ साली मॉरिस वर्म कितीतरी यंत्रांत शिरला, त्याची एक वाट गेट्समधूनच होती. २०११च्या सी मानकातून तर ते काढूनच टाकलंय. आणि तू ते परत आणलंस?

एंटर शोधायचं असतं रे, त्याच्यापासून पळायचं नसतं. स्ट्रचरला स्ट्रिंग दे आणि एकेरी अवतरणात बॅकस्लॅश-एन दे. पत्ता मिळाला तर तिथे शून्य ठेव. नल आला तर बहुधा ओळ ॲरेत मावलेली नाही, उरलेली पुढच्या वाचनात येईल. किंवा फाइलची शेवटची ओळ एंटरशिवायच संपली असेल. म्हणून शेवटचं अक्षर डोळे झाकून छाटू नकोस, एखाद्याच्या नावातलं खरं अक्षर जाईल. नुसतं पुसायचं असेल तर स्ट्रसीस्पॅन बरं: एंटर नसलं तर ते पूर्ण लांबी देतं, आणि शून्यावर शून्य ठेवल्यानं काही बिघडत नाही.

तुझ्या वयात पॉइंटर अडला की सरांना विचारावंसं वाटायचं. 'एवढंही येत नाही?' म्हणतील, म्हणून गप्प राहायचे. सर निवृत्त होऊन गावी गेले, विचारायचं राहूनच गेलं. ती चुटपुट अजून आहे. तुला तर मी आहे ना?

रागावले, मनाला लावून घेऊ नकोस. रात्री उशिरापर्यंत एकटा चूक शोधत होतास हेही ताईनंच सांगितलं, आणि ऐकून मला भरून आलं. आधी नीट जेव. मग गेट्स काढ आणि मला फोन कर. प्रोग्रॅम चालला नाही तरी कर, कितीही वाजले असले तरी.

तुझी,
मावशी