लो-कोड यंत्रणा आणि तिची बांधणी : पेढीसाठी एक धडा

साठा, उधारी आणि आवक-जावक यांची चोख नोंद हा आपल्या धंद्याचा कणा होय. ही नोंद चोपडीतून संगणकात गेली, त्यालाही आता बरीच वर्षे लोटली. तथापि बाजारात तयार मिळणारे सॉफ्टवेअर सर्वांसाठी एकाच मापाचे असते. प्रत्येक पेढीची रीत त्यात बसतेच असे नाही. ही अडचण दूर करणारी सोय म्हणजे ‘लो-कोड’. हा शब्द २०१४ साली फॉरेस्टर या अमेरिकन संशोधनसंस्थेने प्रचारात आणला. या पद्धतीत संगणकाची भाषा ओळीओळीने फारशी लिहावी लागत नाही. पडद्यावर तक्ते, रकाने व बटणे मांडावयाची आणि ‘अमुक झाले की तमुक करावे’ असे नियम जोडावयाचे, की व्यवहारोपयोगी यंत्रणा उभी राहते. झोहो कंपनीचे ‘क्रिएटर’ व मायक्रोसॉफ्टचे ‘पॉवर अ‍ॅप्स’ ही यातील परिचित साधने होत.

साधन सोपे झाले म्हणजे काम सोपे झाले, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. काय बांधावे, कोणत्या क्रमाने बांधावे आणि ते कोणी ठरवावे, हे प्रश्न उरतातच. त्यांचे उत्तर ‘अ‍ॅजाईल’ पद्धतीत सापडते. ती आपणांस जवळची का वाटावी, हे गव्हाच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल.

दि. १२ जून २०२३ रोजी केंद्र सरकारने गव्हाच्या साठ्यावर मर्यादा घातली. घाऊक व्यापाऱ्यास ती ३,००० टन होती. १४ सप्टेंबरला ती २,००० टन झाली, ८ डिसेंबरला १,००० टन आणि ८ फेब्रुवारी २०२४ रोजी ५०० टन. आठ महिन्यांत चार आकडे! मर्यादा उतरली की जादा साठा ३० दिवसांत कमी करावयाचा, शिवाय साठ्याची माहिती दर शुक्रवारी सरकारी संकेतस्थळावर भरावयाची. चूक झाल्यास जीवनावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ अन्वये कारवाईचे भय. समजा, एखाद्या पेढीने त्या जून महिन्यात आराखडा कायम करून सहा महिन्यांनी यंत्रणा ताब्यात घेतली असती, तर तिच्या पोटात ३,००० चा आकडा असता आणि बाहेर कायदा १,००० चा असता.

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात स्नोबर्ड येथे सतरा सॉफ्टवेअर-जाणकार एकत्र जमले व त्यांनी अ‍ॅजाईलचा जाहीरनामा लिहिला. ठरलेल्या आराखड्याला चिकटून राहण्यापेक्षा बदलास तोंड देणे अधिक मोलाचे, हे त्यातील एक प्रमुख सूत्र होय. या विचाराची सर्वांत रूढ रीत म्हणजे ‘स्क्रम’. केन श्वेबर व जेफ सदरलँड यांनी ती १९९५ साली मांडली. तिच्या मार्गदर्शिकेची २०२० ची आवृत्ती अवघ्या काही पानांची आहे.

तीत तीन जबाबदाऱ्या सांगितल्या आहेत. पहिला ‘प्रॉडक्ट ओनर’. कोणते काम आधी व कोणते मागाहून, याची क्रमवार यादी तो ठेवतो. या यादीस ‘बॅकलॉग’ म्हणतात. दुसरे ‘डेव्हलपर्स’, म्हणजे प्रत्यक्ष बांधणारे. लो-कोडमध्ये तंत्रज्ञाच्या जोडीला आपला मुनीमही येथे बसू शकतो, हे या साधनाचे वैशिष्ट्य. तिसरा ‘स्क्रम मास्टर’. तो कोणाचा वरिष्ठ नव्हे. रीत पाळली जाते की नाही हे पाहणे व वाटेतील अडथळे दूर करणे हे त्याचे काम. सारी मंडळी मिळून साधारणतः दहा किंवा त्याहून कमी असावीत.

काम ‘स्प्रिंट’ नावाच्या लहान मुदतींत होते. एक स्प्रिंट महिन्याहून मोठा नसतो. लो-कोडसाठी पंधरवडा सोयीचा. आरंभी कामाची आखणी, रोज पंधरा मिनिटांची भेट, शेवटी वापरणाऱ्यांसमोर प्रदर्शन आणि त्यानंतर ‘आपले कोठे अडले’ याचा आपसांत विचार, असा हा क्रम आहे.

गव्हाच्या यंत्रणेस हे लावून पाहू. पहिल्या पंधरवड्यात फक्त गुदामवार पोती व क्विंटल यांची बेरीज व्हावी. मर्यादेचा आकडा नियमात पुरून न ठेवता वेगळ्या रकान्यात असावा, म्हणजे तो क्षणात बदलता येईल. दुसऱ्यात मर्यादा जवळ येताच सूचना मिळावी, तिसऱ्यात शुक्रवारचा तक्ता तयार व्हावा. प्रदर्शनाच्या वेळी गुदामावरील माणसाने स्वतःच्या हाताने नोंद करून दाखवावी. तेव्हाच खरे प्रश्न निघतात : वाटेतील ट्रकचा माल धरावयाचा का? आडतीवर ठेवलेला दुसऱ्याचा माल कोणाच्या नावे? असे प्रश्न कागदी आराखड्यात सहसा सुचत नाहीत.

आता मुख्य मुद्दा. प्रॉडक्ट ओनर ही एक व्यक्ती असते, समिती नव्हे, आणि तिच्या निर्णयाचा साऱ्या संस्थेने मान राखावा, असे ही मार्गदर्शिका स्पष्ट सांगते. आपल्या पेढ्या बहुधा एकत्र कुटुंबाच्या. वडील म्हणतात साठा आधी, थोरला म्हणतो उधारी आधी, आणि धाकटा तंत्रज्ञास परस्पर सांगून एक रकाना वाढवून घेतो. पूर्वी असा बदल होण्यास महिना लागे, तेवढ्यात तो कोणाच्या तरी नजरेस येई. लो-कोडमध्ये तो तासाभरात होतो, आणि शुक्रवारची बेरीज का चुकली हे कोणासच कळत नाही. साधन जितके चपळ, तितकी निर्णयाची शिस्त कडक हवी.

म्हणून व्यापारी बंधूंनी काम सुरू करण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. प्रॉडक्ट ओनर म्हणून एकच नाव कागदावर लिहावे. ते तरुणाचे असले तरी हरकत नाही, मात्र त्यास गुदाम व बाजार दोन्ही ठाऊक असावेत. यंत्रणेची चाचणीची प्रत वेगळी ठेवावी. प्रदर्शनात पसंत पडल्यावाचून कोणताही बदल चालू हिशेबात नेऊ नये. आणि घरातील वडीलधाऱ्यांनी प्रदर्शनास अगत्याने बसावे, हवे ते प्रश्न विचारावेत, परंतु तंत्रज्ञास थेट हुकूम देऊ नये. आपली सूचना त्या एका व्यक्तीकडे द्यावी. गादीवर आयुष्य घालविलेल्या माणसास हे जड जाईल. परंतु पुढच्या पिढीच्या हाती कारभार खऱ्या अर्थाने सोपविण्याचा आरंभ येथूनच करता येईल.